सातवं फडकं

३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र उघडलंस म्हणजे निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते कापता येत नाही, आणि फेकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. वहिनी ते तुझ्या चहाच्या कपाखाली ठेवेल अशी माझी तिच्याशी बोली झाली आहे.

बाबा ठीक आहेत, गुडघे सोडून. आजारी आहे तो थोरला.

वहिनीही हे वाचणार आहे (नाही म्हणू नकोस, मी तिच्या जागी असते तर वाचलंच असतं), म्हणून तिच्यासाठी सांगते. थोरला म्हणजे आमचा ट्रॅक्टर. दादाच्या जन्माआधी घरात आला, म्हणून आई त्याला थोरला म्हणायची. दादा मधला, मी धाकटी. पाहुण्यांनी मुलं किती विचारलं की आई बेधडक तीन सांगायची आणि मग त्यातल्या एकाला शेडमध्ये नेऊन दाखवायची.

तर लक्षणं. थंड असताना सुरू केला की गुणी बाळासारखा चालतो. ट्रॉलीत थोडं वजन टाकलं की पाण्याचा काटा चढायला लागतो, आणि तो चढला की तेलाच्या प्रेशरचा काटा उतरायला लागतो. एक वर, एक खाली, सी-सॉवर बसलेल्या मुलांसारखे. मग बाबा त्याला झाडाखाली उभा करतात, शेजारी स्टूल टाकून बसतात आणि दोघं गार होतात. मिस्त्री येऊन गेला. त्याने इंजिनाला कान लावला, मान हलवली आणि म्हणाला, "ऑइल पंप गेलाय. चेंबर उघडावं लागेल." चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं तेलाचं भांडं, एवढं मला कळलं. बाबा म्हणाले, "ते उघडायचं नाही." मिस्त्री म्हणाला, "का हो?" बाबा म्हणाले, "नाही म्हणजे नाही." मिस्त्री चहा पिऊन गेला.

त्यात आता एक गॉगलवाला उगवला आहे. हायवेवर त्याचं नवीन हॉटेल होतंय. जुना ट्रॅक्टर रंगवून दारात ठेवायचा, इंजिन काढून भंगारात द्यायचं आणि बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावायची, असा त्याचा बेत आहे. मी हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "महिन्याभरात याने नांगर ओढला तर राहील. नाही ओढला तर घेऊन जा." बाबांनी शब्द दिला म्हणजे दिला, हे तुला सांगायला नको.

आता माझा स्वार्थ. थोरला वाचावा असं मला वाटतंच. पण त्याहून जास्त मला कळायला हवंय. तू आणि बाबा ज्याच्यावरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत, ते सातवं फडकं त्या इंजिनात आहे की नाही? इंजिन भंगारात गेलं की ते कुणालाच कधी कळणार नाही. तुम्हा दोघांना ते चालेल बहुतेक. मला नाही चालणार. बाबा मला उगाच "चौकशी खिडकी" म्हणत नाहीत.

शिलाई मशीनला तेल घालण्यापलीकडे माझं ज्ञान नाही. तू जहाजांची इंजिनं दुरुस्त करतोस. सांग, कुठून सुरू करू?

तुझी,
चौकशी खिडकी


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड दुकानाच्या पत्त्यावर आलं. नमस्कार नाही, सही नाही. "थंड असताना काटे कुठे, गरम झाल्यावर कुठे? त्याआधी मीटर खरं बोलतात का बघ." नऊ वर्षांनी भावाची ही पहिली दोन वाक्यं. मी ती ट्रायल रूमच्या आरशाला खोचून ठेवली आहेत. बायका ब्लाउज घालून बघताना वाचतात आणि सुविचार समजून मान डोलावतात.

मीटर तपासले. पाण्याच्या मीटरची तार इंजिनातून सोडवली आणि तिच्या टोकाची पितळी गोळी चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात धरली. हे सगळं अंगणात, बाबांच्या डोळ्यांदेखत. मी काय करतेय हे त्यांनी विचारलं नाही. पाना हातात दिला नाही. पण कुठला पाना लागेल ते आभाळाकडे बघत मोठ्याने सांगितलं. काटा उकळीच्या खुणेवर जाऊन थांबला. मग मिस्त्रीकडून तेलाचं दुसरं मीटर मागून आणलं, तेही जुन्यासारखंच बोललं. म्हणजे आपल्या घरात खरं बोलणारी दोन तरी आहेत.

आता काटे. थंड असताना तेलाचा काटा निम्म्याच्या वर, अगदी ताठ. गरम झाल्यावर तळाला आडवा. इथे मला शंका आली. पंप गेला असता तर थंडपणी तरी काटा वर कसा गेला असता? माझ्या मशीनच्या तेलाची बाटली थंडीत उलटी केली तरी थेंब पडता पडत नाही, आणि उन्हात राहिली की धार लागते. मग हे दोन आजार आहेत की एकच? प्रेशर नाही म्हणून ताप येतो, की ताप येतो म्हणून तेल पातळ होऊन प्रेशर जातं? मिस्त्री पोटाखाली बोट दाखवतोय. ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी तर नाही ना?

कापड कापताना याचाच विचार करत होते, तर एक बाही उलटी कापली गेली. त्याचं पाप तुझ्या माथी.

आता त्या दिवसाचं. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण तुझं मी कधी ऐकलंच नाही. माझ्याकडे फक्त बाबांचं आहे, आणि जे मी दारातून पाहिलं ते.

आईने जुन्या पिवळ्या पडद्याची सात फडकी केली होती. इंजिनाच्या काळोखात दिसावीत म्हणून पिवळी, आणि दोरे सुटून तेलात जाऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी तिने हाताने शिवलेली. शेडमध्ये सात खिळे. काम सुरू करताना फडकी मोजून घ्यायची, इंजिनाच्या उघड्या तोंडांत धूळ जाऊ नये म्हणून ती बोळे करून घालायची, आणि बंद करताना मोजून काढून खिळ्यांना लावायची. त्या वेळी तुम्ही दोघांनी पूर्ण इंजिन खोललं होतं. तेलाची बाजू तू घेतलीस, पाण्याची बाबांनी. सगळं बंद झालं, शेवटचा बोल्ट आवळला, आणि खिळ्यांवर फडकी सहा.

बाबा म्हणाले, चेंबर पुन्हा उघड. तू म्हणालास, मी मोजून काढलीत, खाली काही नाही. मिस्त्री होता, शेजारचे काका होते. त्या सगळ्यांसमोर बाबा म्हणाले, "ज्याला चार चिंध्या सांभाळता येत नाहीत, त्याच्या हाती इंजिन देऊ नये." तू पाना खाली ठेवलास. आपटला नाहीस, ठेवलास, हे मला पक्कं आठवतं. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

आणि आईने काय केलं ते तुला माहीत नसेल. तिने उरलेल्या पडद्यातून आठवं फडकं शिवलं आणि सातव्या खिळ्याला लावून म्हणाली, "धुण्यात गेलं होतं हो, सापडलं." बाबांनी ते नुसतं उलटून पाहिलं. जुनी हाताने शिवलेली, हे घाईत मशीनवर मारलेलं. मलाही दारातून कळलं. बाबांनी ते परत खिळ्याला लावलं. ते फडकं तिथेच राहिलं, आई गेली तरी.

तेव्हा माझा प्रश्न हा, की तू खरंच मोजली होतीस का? रागावू नकोस. मीटरलाही आधी विचारलं ना, तू खरं बोलतोस का म्हणून?

धाकटी


२३ फेब्रुवारी

दादा,

तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. कार्डावर आहे ते असं: "तेल बोटांत चोळून बघ, पांढरट आहे का? रेडिएटर धू. पंख्याचा पट्टा तपास. चेंबर उघडू नका." शेवटचं वाक्य तू बाकीच्यांपेक्षा दाबून लिहिलं आहेस. कार्डाच्या मागून बोट फिरवलं की कळतं. दुसऱ्या गावी बसून शेळ्या हाकायच्या आणि वर अमुक दार उघडू नका म्हणायचं.

तरी सगळं केलं. तेल काळं आहे, पण पांढरट नाही, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नाही. हे बाबांनी सांगितलं, अर्थात आभाळाला. पट्टा घट्ट आहे. रेडिएटरच्या जाळीत इतका भुसा निघाला की मला वाटलं सापडला चोर. मागून पाणी मारून जाळी लख्ख केली, तिच्यातून पलीकडचे बाबा दिसायला लागले. मोठ्या आशेने ट्रॉली जोडली. दोन चकरा जास्त झाल्या आणि काटे पुन्हा आपापल्या वाटेने गेले. थोरला झाडाखाली, बाबा स्टुलावर.

मी शेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं, "बाबा, चेंबर उघडलं तर काय होईल?"

"काही नाही."

"मग उघडत का नाही?"

ते रेडिएटरच्या वाफेकडे बघत होते. मग म्हणाले, "फडकं निघालं तर तो खोटा ठरेल. नाही निघालं तर मी."

"मग?"

"मग काय? झाकली मूठ बरी."

दादा, मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले. कळलं तेव्हा राग आला आणि रडूही आलं. गाव समजतं म्हातारा हट्टी आहे, ट्रॅक्टर कुणाला हात लावू देत नाही. नऊ वर्षं हा माणूस थोरल्याला गोगलगायीसारखा चालवतोय. नांगराला भाड्याचा ट्रॅक्टर बोलावतो, काटा चढला की थांबतो, तेल बदलतो, पण बुडाचं झाकण काढत नाही. का, तर मुलगा खोटा ठरू नये. आणि आपणही ठरू नये, हेही आलंच. ते एकट्या प्रेमापोटी म्हणावं तर बाबांना ओळखत नसल्यासारखं होईल.

आणि तूही लिहितोस, चेंबर उघडू नका. नऊ वर्षांत तुमच्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही न बघण्यावर. म्हणजे तुलाही खात्री नाही. हो ना? तू मोजलीस, पण मोजलीसच का, हे तुला आता रात्रंदिवस आठवून आठवून आठवेनासं झालंय. माझं चुकत असेल तर तसं लिही, मी माफी मागेन.

गॉगल काल टेप घेऊन आला होता. बॉनेटची लांबी-रुंदी घेतली आणि मला विचारलं, "ताई, यात शेवंती बरी दिसेल की झेंडू?" मी म्हटलं, "निवडुंग लावा." येत्या रविवारनंतरच्या आठवड्यात तो गाडी घेऊन येणार आहे.

धाकटी


२ मार्च

दादा,

या वेळचं कार्ड म्हणजे तुझ्या मानाने कादंबरीच. "इंजिन तापलं की वरच्या होज पाइपला हात लाव, मग खालच्याला, मग हेडजवळ. भाजेल, जपून." आणि खाली, वेगळ्या शाईने: "चेंबरमधून फडकं निघालं तर मला कळवू नकोस."

ते वाक्य मी आरशाला लावलेलं नाही. पाकिटात ठेवलं आहे. तुला एवढंच सांगते, की माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला माहीत असताना तू मलाच हे लिहिलंस. म्हणजे तुलाही कळायला हवंय.

आता ऐक, कारण आज मजा झाली. वहिनीसाठी पुन्हा थोडं सांगते. जुन्या थोरल्याला पाण्याचा पंपच नाही. गरम पाणी हलकं, ते आपलं आपण इंजिनातून वर चढतं, वरच्या पाइपाने रेडिएटरमध्ये जातं, गार होऊन जड होतं आणि खालून परत येतं. कुणी ढकलायला नको. मला हे इतकं आवडलं की मी दुपारभर गिऱ्हाइकांना सांगत होते.

थोरल्याला तापवला. हेडवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर, पाण्याचा थेंब टाकला तर तडतडून उडाला. वरच्या पाइपाला हात लावला आणि मी हात काढलाच नाही. काढायची गरजच नव्हती, दादा. कोमट. लहान बाळाला अंघोळ घालावी इतका. खालचा तर चक्क गार. इंजिन पेटलंय आणि रेडिएटरला त्याची खबरच नाही. भुसा धुतला, जाळी लख्ख केली, पण पाणी तिथपर्यंत पोहोचतच नव्हतं, मग जाळी बिचारी काय करणार? म्हणजे अडलंय ते त्या दोघांच्या मध्ये, हेडवरून रेडिएटरकडे वळणाऱ्या लोखंडी बेंडपाशी. आणि पाणी अडलं म्हणून ताप, ताप म्हणून तेल पातळ, तेल पातळ म्हणून प्रेशर नाही. आजार एकच. पंप बिचारा निर्दोष.

मी हे बाबांना एका दमात सांगितलं. त्यांनी स्वतः उठून पाइपाला हात लावला. उभेच राहिले. मग म्हणाले, "त्याला विचार, बेंड उघडायचा का?"

"कुणाला?"

"ज्याला विचारून सगळं चाललंय त्याला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आधी मीटरला विचारायचं, मग इंजिनाला. हे मिस्त्रीला सुचतं का? हे मी शिकवलंय एकाला."

पातेल्यात मीटर उकळलं त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. आणि त्यांनी मला एकदाही अडवलं नाही.

मग मी विचारलं, अगदी सहज, चौकशी म्हणून. "बाबा, त्या दिवशी हा बेंड कुणी बंद केला होता?"

"पाण्याची बाजू नेहमी माझीच," ते म्हणाले. "तिथे काही नसतं बघायला."

हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. संशय घ्यायचा तर तुझ्या बाजूवर, तुझ्या बाजूवर नाही तर पंपावर. स्वतःच्या बोल्टवर संशय घ्यायची त्यांना सवयच नाही. तुलाही नव्हती लहानपणी.

तुझ्या उत्तराला थांबले तर गॉगल आधी येईल. उद्या बेंड उघडते.

धाकटी


५ मार्च

दादा,

बसून वाच.

बेंडला चार बोल्ट. तीन आले, चौथा गंजला होता. बाबांनी स्टुलावरून सांगितलं, तेल घाल, थांब, हातोडीने वरून टिचकी मार, पुन्हा घाल. या वेळी आभाळाला नाही, मला सांगितलं. बेंड सुटून हातात आला. मी त्याच्या तोंडातून आत पाहिलं तर चुन्याचा पांढरा थर, आणि त्याखाली कडेला चिकटलेला गंजक्या रंगाचा गोळा. मधून बोटभर वाट. नऊ वर्षं थोरला त्या बोटभर वाटेतून श्वास घेत होता.

स्क्रू-ड्रायव्हरने थर खरवडला आणि गोळा ओढला. तो उलगडत आला. पिवळेपणा कुठेच उरला नव्हता, पण कडेची शिवण एका ठिकाणीही उसवली नव्हती. मी ती बोटाने चाचपली. आईचे तिरपे टाके, आणि मध्येच एक लांब, कारण मध्येच ती कुणाला तरी हाक मारायची. ते टाके मी झोपेतही ओळखेन. मशीनवर मारलेले नाहीत, हाताचे.

मी काही बोलले नाही. मी, दादा. बाबांनी हात पुढे केला, मी ते त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते पिळलं, मांडीवर पसरलं, चार कोपरे सरळ केले.

"बेंडच्या तोंडात मीच घातलं होतं," ते म्हणाले. "धूळ जाऊ नये म्हणून. तू चहा आणलास, मी चहा प्यायलो आणि बेंड लावला."

ते खरं आहे, चहा मीच आणला होता. त्यांना ते आत्ता आठवलं, की त्या क्षणापर्यंत आठवायची वेळच आली नव्हती, ते मी विचारलं नाही. काही प्रश्न मलासुद्धा विचारवत नाहीत.

मग त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी कोण कोण होतं इथे?"

"मिस्त्री, शेजारचे काका, आई, मी."

ते उठले आणि काठी घेऊन फडक्यासकट बाहेर पडले. मी मागून गेले, त्यांनी परत पाठवलं नाही. आधी मिस्त्रीचं गॅरेज. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर बाबांनी फडकं उघडून धरलं. "हे थोरल्यात निघालं. पाण्याच्या बाजूला. ती बाजू माझी होती. मुलगा बरोबर होता." मिस्त्री म्हणाला, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट." बाबा म्हणाले, "जुनी आहे म्हणूनच आलोय." मग काकांच्या घरी तेच, त्याच शब्दांत. काकांना आधी काही आठवेना, मग आठवलं, मग ते दाराची कडी उगाच हलवत राहिले. त्यांच्या तीन पायऱ्या बाबा कठड्याला धरून चढले आणि धरून उतरले. परत आल्यावर म्हणाले, "तुझ्यासमोर झालंच." आणि दुकानात येऊन फडकं थोडा वेळ आईच्या मशीनवर ठेवलं. मी तेवढ्यात बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटा धुतल्या, बेंडला नवीन पॅकिंग लावलं आणि थोरल्याला नांगर जोडला. बाबांनीच चालवला. मी कडेने चालत दोन्ही काट्यांवर डोळा ठेवून होते. पाण्याचा काटा निम्म्यावर गेला आणि बसला. तेलाचा ताठ. एक तास काढला मातीत, झाडाखाली थांबावंच लागलं नाही. मला वाटलं बाबा हसतील. ते म्हणाले, "याचा नऊ वर्षं छळ केला मी." मला वाटतं ते फक्त थोरल्याबद्दल बोलत नव्हते.

गॉगल आला होता. चालत्या ट्रॅक्टरकडे बघून त्याने गॉगल काढला. डोळे चांगले आहेत रे त्याचे. शेवंतीसाठी दुसरं काहीतरी बघतो म्हणाला.

तुझं उत्तर मला मिळालं, दादा. तू मोजली होतीस. तेलाच्या बाजूची सगळी काढली होतीस. यापुढे ते आठवत बसू नकोस.

आता माझ्या हातून पेन काढून घेतलं जातंय.

धाकटी


त्याच पाकिटात

मधल्यास,

धाकटीने सगळं लिहिलंच असेल. ती काही शिल्लक ठेवत नाही.

फडकं पाण्याच्या बाजूला होतं. ती बाजू माझी. ज्यांच्यासमोर तुला बोललो त्यांना जाऊन सांगितलं. तुझी आई राहिली.

इंजिन इतकी वर्षं तापलं आहे, तेव्हा खालची बेअरिंगं बघायला हवीत, म्हणून आज सकाळी मिस्त्रीला बोलावून चेंबर उघडलं. मी स्वतः खाली वाकून बॅटरी लावून पाहिलं. तू बंद केलंस तसंच आहे. स्वच्छ. एवढं नीट काम माझ्या हातूनही झालं नसतं, आणि हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

बेअरिंगं झिजली आहेत. बदलावी लागतील. माझे हात आता त्या कामाचे नाहीत आणि मिस्त्रीला मी बेअरिंगांना हात लावू देणार नाही.

थोरला उघडा ठेवला आहे. तोंडांत सात फडकी घातली आहेत, सापडलेलंही धुऊन त्यातच. आईचं आठवं माझ्या खिशात आहे. त्याला खिळा नाही.

पेरणीला वेळ आहे. येऊन बंद कर. फडकी तूच काढ. मी मोजणार नाही.

बाबा